कपाळाजवळची डबी

सुळका तसा बारीकच होता. पडद्यावरच्या आलेखात डावीकडून उजवीकडे जाणारी ती डोंगररांग तिच्या इतक्या सवयीची होती, की समोरच्या गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे ओळखावेत तसं तिला त्यातलं एकेक टोक ओळखू यायचं. आणि सगळ्यांत उंच टोक ओलांडलं की उजव्या हाताला सपाट माळ लागायला हवा होता. त्या माळावर कुणीतरी काठी रोवून गेलं होतं. तिनं चष्मा काढून पुसला. चष्म्यावरचा डाग असा दिसत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार, तरी पुसला, आणि पुसण्यात जितका वेळ काढता येईल तितका काढला. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे रोग्याचं नाव असतं. आज तिथे नुसतं ‘निरोगी’ असं लिहिलेलं होतं, कारण हे डोकं तिचं स्वतःचं होतं.

शुक्रवारची दुपार होती. भिंतीपलीकडे यंत्र ठोके देत होतं, म्हणजे पुढचा रोगी आत गेलेला होता. तिच्या खोलीला खिडकी नव्हती. होती ती फक्त काच, आणि काचेपलीकडे कंट्रोल रूम, आणि तिथे पाठमोरा बसलेला शांतीदूत. खरं तर तो यंत्र चालवणारा साधा तंत्रज्ञ, निवृत्तीला टेकलेला. पण बोगद्यात सरकणाऱ्या प्रत्येकाला तो माइकवरून “अगदी शांत पडून राहा” असं इतक्या गोड आवाजात सांगायचा, की सगळं रुग्णालय त्याला शांतीदूत म्हणायला लागलं होतं, आणि हल्ली तोही फोन उचलून तेच नाव सांगायचा. तिचं काम त्याच्या पुढचं. तो डोक्याची चित्रं काढायचा, आणि चित्रात जिथे संशयाचा ठिपका दिसेल तिथे दोघं मिळून एक डबी आखायची. हात न लावता, सुई न टोचता, नुसती पडद्यावर आखलेली खडीसाखरेच्या खड्याएवढी डबी. मग यंत्रातलं चुंबक बाकीच्या डोक्याकडे दुर्लक्ष करून फक्त त्या डबीतलं ऐकायचं: आत कसलं रसायन किती आहे, तिथल्या पेशी काय खातात, काय जाळतात आणि काय टाकून देतात. त्यावरून ती सांगायची, ही गाठ वाढतेय की नुसता जुना व्रण आहे. एखाद्या घराचं दार न वाजवता, फक्त बाहेर ठेवलेला कचरा बघून आत किती माणसं राहतात ते सांगावं, तसा हा धंदा. घरातल्यांना ती असंच समजावून द्यायची, घरात कुणी होतं तेव्हा.

इंजिनिअर येऊन यंत्र तपासून गेला की कुणीतरी आपल्यातलंच आत झोपून बघायचं, ही त्यांची रीत होती. बाहेरचा निरोगी माणूस कशाला येतोय. बहुतेक वेळा तीच झोपायची, कारण इतरांना घरी लवकर जायचं असायचं. केसातली पिन काढायची, घड्याळ काढायचं, डोक्यावर पिंजऱ्यासारखं झाकण बसवून घ्यायचं, हातात घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा धरायचा, आणि आत जायचं. त्या बोगद्यात तिला खरं तर बरं वाटायचं. डोळ्यांवरच्या छोट्या आरशात आपलीच पावलं लांबवर दिसत, कुणा दुसऱ्याची असावीत तशी, आणि यंत्र ठोकायला लागलं की ती ठोक्यांत शब्द बसवत पडून राहायची. कुणीतरी इतकं मन लावून आपलं ऐकतंय, हे काही रोज घडत नाही. आज सकाळी शांतीदूतानं माइकवरून विचारलं होतं, डबी कुठे टाकू. आणि तिनं पडल्या पडल्या उत्तर दिलं होतं, “टाका हो कुठेही. माझंच डोकं आहे.”

त्यानं टाकली होती ती पुढे, कपाळाच्या हाडाजवळ. किती जवळ, ते ओझरत्या चित्रांवरून नीट कळत नव्हतं. नुसतं यंत्र तपासायचं म्हणून त्यानं बारीक चित्रं काढलीच नव्हती. आणि इथेच सगळं अडलं होतं. त्या माळावर, नेमक्या त्याच जागी, दोनच जणं उभी राहू शकतात. एक चरबी. कवटीबाहेरच्या कातडीखाली सगळ्यांच्याच असते ती. डबी हाडाला चिकटली की तिचा आवाज आत झिरपतो. दुसरं लॅक्टेट, धावून दमलेल्या पायांत साचतं ते. निरोगी मेंदूत ते दिसण्याइतकं नसतं. गाठीत असतं, कारण गाठीतल्या पेशींना भरपूर हवा मिळाली तरी त्या साखर अर्धवटच जाळतात, घाईघाईनं, आणि राख शेजाऱ्याच्या दारात टाकून मोकळ्या होतात. दोघांतला फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. आवाज दिल्यावर ऐकण्याआधी यंत्राला जास्त वेळ थांबवायचं. तेवढ्या वेळात चरबी गप्प होते, तिचं टोक विरून जातं. आणि लॅक्टेट असेल तर ते उलटं होतं, रेषेखाली डोकं करून लटकतं, वटवाघळासारखं. दुसऱ्या कुणाचा आलेख असता तर तिनं मान वर न करता सांगितलं असतं, चरबी आहे, डबी मागे घ्या आणि पुन्हा काढा. दहातल्या नऊ वेळा ती चरबीच असते. पण दहाव्या वेळचे चेहरे तिनं काचेतून पाहिले होते. आज काचेत तिचाच चेहरा होता, आणि पलीकडे शांतीदूत रोग्याला शांत पडून राहायला सांगत होता.

त्याला जाऊन सांगायचं की हा रोगी झाल्यावर मला पुन्हा आत घ्या, एवढंच करायचं होतं. ती उठलीसुद्धा. पण त्यानं का म्हणून विचारलं असतं, आणि त्याला सांगितलेली गोष्ट चहाच्या वेळेपर्यंत भांडारापासून शवागारापर्यंत पोचली असती. बरं, तो नुसता भोचक असता तर एक वेळ चाललं असतं. तो प्रेमळ होता. त्यानं तिला खुर्चीत बसवलं असतं, पाणी आणून दिलं असतं, आणि घरून कुणाला बोलावू, असं विचारलं असतं. ह्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं. रोगी दाखल करून घेताना ‘सोबत कोण’ हा प्रश्न रोज तिच्या कानांवरून जायचा. सोबत नवरा, सोबत सून, सोबत शेजारी. एकदा एक म्हातारा म्हणाला होता, सोबत छत्री, आणि सगळे हसले होते, तीही. तिनं पडदा बंद केला. सोमवारी सकाळी, रोगी यायच्या आधी, म्हणून मनाशी ठरवलं आणि पर्स उचलली.

शनिवार तिनं कपाट आवरण्यात घालवला. डोकं दुखतंय का ते बघत राहिलं की डोकं दुखतंच. तिनं ते दुखू दिलं. कपाळाच्या मागच्या त्या कोपऱ्यात काय असतं हे तिला पाठ होतं. ठरवणं असतं, आवरतं घेणं असतं, बोलताना जीभ सावरणं असतं. म्हणजे आयुष्यभर जे जे करत आलो ते सगळं ह्याच डबीत होतं म्हणायचं, आणि आता तिथे कुणी चूल मांडली असेल तर आपण कसे होऊ, याची ती कल्पना करत राहिली: तोंडाला येईल ते बोलणारी, रस्त्यात मोठ्यानं गाणारी, शेजारणीला तुमचा मुलगा अगदीच मठ्ठ आहे हो असं सांगून टाकणारी एक बाई. ती बाई तिला फारशी वाईट वाटली नाही. मग दुपारी आरशासमोर उभी राहून तिनं दोन्ही हात समोर धरले, डोळे मिटले, डॉक्टर करायला लावतात तसे. हात काही ढळले नाहीत. डोळे उघडले तेव्हा आरशात एक पोक्त बाई कुणाला तरी ओवाळायला उभी असावी तशी दिसली, आणि ताट मात्र कुणी दिलेलं नव्हतं.

आई ह्याच घरात गेली होती, आतल्या खोलीत. आईच्या डोक्यातली गाठ काढली, किरणांचे उपचार झाले, काही महिने बरे गेले, आणि मग चित्रात पुन्हा एक उजळ ठिपका उमटला. ठिपका दोन्हींचा असू शकतो, परत आलेल्या गाठीचा किंवा उपचारांनी जळालेल्या, मेलेल्या भागाचा. चित्रावरून ते कळत नाही, डबीतून कळतं. रुग्णालयातल्या दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगता आलं असतं. तिनंच केलं. डबी आखताना आई आतून म्हणाली होती, ठेवतेच आहेस तर साखरेची ठेव. संध्याकाळी घरी आईला तिनं आलेख दाखवला, कारण आईनं मागितला. हे उंच टोक कशाचं, आईनं विचारलं. कोलीनचं, ती म्हणाली. पेशी वाढायला लागल्या की नवी कुंपणं घालतात, त्या कुंपणांचं सामान ते. आईनं आलेख जरा लांब धरून बघितला. “म्हणजे वस्ती वाढतेय,” आई म्हणाली, आणि मग लगेच, जणू दुधाचा निरोप द्यावा तसं, “धाकटीला कळवायचं नाही. तिचे दिवस भरत आलेत. धावत येईल ती.”

म्हणून त्या रात्री फोनवर तिनं धाकट्या बहिणीला सांगितलं की काही नाही, उपचारांचा परिणाम आहे, डबीत सगळं मेलेलंच निघालं. धाकटी हसली होती फोनवर. मेलेलं निघालं याचा कुणाला इतका आनंद झालेला तिनं कधी ऐकला नव्हता. पुढे धाकटी आली ती कडेवर तान्हं घेऊन, आणि आईचं सगळं आटोपल्यावर. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आईच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला बसून बाळाचं टोपडं नीट करत ती म्हणाली होती, “ताई, तुला ते वाचता येतं आणि मला येत नाही, एवढाच आपल्यात फरक होता. तू वाचून दाखवलं नाहीस.” आईनंच सांगू नको म्हटलं होतं, हे तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. मेलेल्या माणसावर रागावायला धाकटीला लावायचं, त्यापेक्षा जिवंत माणसावर राग परवडतो. जिवंत माणूस निदान फोन तरी उचलतं. तेव्हापासून फोन होते, पण सणावारासारखे. भाच्याचा वाढदिवस, निकाल, हवा कशी आहे. मावशीशी बोल, असं मागून कुजबुजलेलं ऐकू यायचं, आणि मग एक कंटाळलेला, नीट वाढवलेला आवाज विचारायचा, कशी आहेस मावशी.

सगळी मापं क्रिएटिनच्या टोकाशी ताडून घेतात, हे ती नव्या डॉक्टरांना शिकवायची. बाकीची टोकं आजारात वरखाली होतात. क्रिएटिन होत नाही असं धरून चालतात, म्हणून त्याला एक मानून इतरांचं किती ते काढायचं. धरून चालतात, ह्यावर ती नेहमी जरा थांबायची. कारण खरं बघितलं तर तेही बदलतं. पण ते बदलतं असं मानलं की कशालाच काही ताडता येत नाही, तेव्हा सगळ्यांच्याच सोयीनं ते बदलत नाही. असं धरून चाललेलं एकेक माणूस प्रत्येक घरात असतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याला ताई म्हणतात.

रविवारी सकाळी फोन तिनंच लावला. कशासाठी, ते तिला नीटसं माहीत नव्हतं. वाढदिवस कुणाचाच नव्हता. धाकटीनं घाबरून विचारलं, काय झालं. काही झालं नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ते वाक्य, जे तिनं आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा वापरलं होतं, ऐन वेळी आलंच नाही. त्याऐवजी ती म्हणाली की परवा यंत्र तपासताना आलेखात एक सुळका दिसलाय.

“कुणाच्या?”

“माझ्या.”

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. मग धाकटीनं काहीच विचारलं नाही; किती मोठा, कुठे, डॉक्टर काय म्हणतात, काही नाही. इकडून हीच घाईघाईनं म्हणाली की ती चरबीसुद्धा असू शकते, बहुधा तीच आहे, उद्या पुन्हा काढणार आहे, तेव्हा आत्ताच… पण धाकटी नवऱ्याशी बोलायला लागली होती, आवाज लांब गेला होता, आणि परत आला तेव्हा तो सांगत होता की संध्याकाळची बस मिळते, उद्या दुपारच्या आत पोचते. तिनं फोन ठेवला. मग तिनं आतली खोली झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली, उशीचा अभ्रा बदलला, आणि असं काम करताना आपण गुणगुणतोय हे लक्षात आल्यावर शरमून गप्प झाली. डोक्यात गाठ असण्याची शक्यता असलेल्या बाईनं इतकं हलकं वाटून घेणं बरं दिसत नव्हतं.

सोमवारी शांतीदूताला तिनं सांगितलं की शुक्रवारचं माप बिघडलं, डबी तिथेच ठेवून जास्त वेळ थांबवून एकदा घ्या, आणि मग मागे सरकवून एकदा. त्यानं तिच्याकडे बघितलं. शनिवारच्या क्रिकेटपासून जावयाच्या पोटदुखीपर्यंत कशावरही बोलू शकणारा तो माणूस काहीच बोलला नाही, तेव्हा तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्यानं झाकण नेहमीपेक्षा हळू बसवलं. दिवा डोळ्यांवर येतो का, असं विचारलं, जे तो कधी विचारत नसे. माइकवरून आवाज आला तोही दुसराच: “मी इथेच आहे हं, बाई.” शांत पडून राहा, असं तो तिला म्हणाला नाही. यंत्र ठोकायला लागलं. आज ठोक्यांत शब्द बसेनात. आरशात आपली पावलं दिसत होती, मोज्याला अंगठ्याशी बारीक भोक पडलेलं, आणि तिला आई आठवली नाही, मृत्यू आठवला नाही. बस कुठवर आली असेल एवढंच सारखं मनात येत होतं. खिडकीला डोकं टेकून धाकटी झोपली असेल. लहानपणीसुद्धा गाडीत बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपायची, आणि सामान ताईनं सांभाळायचं.

बाहेर येऊन तिनं केसही न बांधता पडदा सुरू केला. डोंगररांग उमटली. उंच टोक, आणि त्याच्या उजवीकडे माळ. सपाट. वर काही नव्हतं, आणि तिनं नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून बघितलं, खाली लटकलेलंही काही नव्हतं. डबी मागे सरकवून घेतलेला दुसरा आलेख तर पुस्तकात छापावा इतका स्वच्छ. चरबी होती. सगळ्यांच्या कपाळाला असते ती. शांतीदूत मागे येऊन उभा होता. त्यानंही बघितलं, सुटकेचा श्वास टाकला आणि एकदम नेहमीचा होऊन म्हणाला की तुम्हीच म्हणालात कुठेही टाका, मग मी टाकली, आता ह्यावर निदान चहा तरी निघतो की नाही. ती हसली, पैसे काढून दिले. तो गेल्यावर खुर्चीत बसली आणि सुटल्याचा आनंद कुठून येतो याची वाट बघत राहिली. आला, पण ओळख नसलेल्या पाहुण्यासारखा दारातच उभा राहिला. त्याच्यामागे आतल्या खोलीतली धुतलेली चादर दिसत होती.

फोन पर्समध्ये होता. काही नाही निघालं, परत फिर, एवढे शब्द. बस वाटेत कुठे तरी थांबते, तिथून उलटी बस मिळते, भाच्याची आबाळ होत नाही, नवऱ्याला डबा बनवावा लागत नाही. तिनं ‘काही नाही’ एवढं लिहिलं आणि ते शब्द बघत राहिली. त्या रात्री हेच शब्द फोनवर म्हटले होते, आणि तेव्हा ते खोटे होते. आज खरे होते, आणि पाठवले तर धाकटी येणार नव्हती. अंगठा तसाच राहिला. मग तिनं एकेक अक्षर पुसलं. तोंडावर सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं. लपवायचं नाही, पहिल्याच वाक्यात सांगायचं, पण तोंडावर. दोन्ही आलेख छापून घेतले, घडी न घालता पर्समध्ये सरकवले, आणि रजा टाकून ती बसच्या थांब्यावर गेली, तर बस यायला अजून चिकार वेळ होता. बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येक बसमधून उतरणारी माणसं ती बघत राहिली. प्रत्येकाला घ्यायला कुणीतरी आलेलं होतं, किंवा तिला तसं दिसत होतं.

धाकटी उतरली ती जाड झालेली, केस पांढरे राखलेली, हातात एवढी मोठी बॅग की महिनाभराचं सामान असावं. तिनं मिठी मारली नाही. दोन्ही तळव्यांत तिचा चेहरा धरला आणि कपाळाकडे बघितलं, जणू बाहेरून दिसणार होतं. आणि ठरवल्याप्रमाणे पहिल्याच वाक्यात ती म्हणाली, “अगं, काही नाही निघालं. चरबी होती.”

धाकटीचे हात तसेच राहिले. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मिटलं. ते हसू नव्हतं.

“बरं,” धाकटी म्हणाली.

तिनं घाईघाईनं आलेख काढले. हा बघ, इथे शुक्रवारी सुळका होता. यंत्राला थांबवलं की लॅक्टेट उलटं होतं, रेषेच्या खाली जातं. इथे बघ, काही गेलंय का खाली? माळ आहे. डबी कपाळाला चिकटली होती म्हणून. धाकटी कागदाकडे बघतच नव्हती. ती तिच्या बोटांकडे बघत होती, कागद धरलेल्या, आणि बोटं थरथरत होती, कारण सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. बोलणं संपेपर्यंत धाकटी थांबली, मग दोन्ही कागद तिच्या हातातून अलगद काढून घेतले, पर्समध्ये ठेवले आणि पर्सही आपल्याच खांद्याला लावली.

“ताई,” ती म्हणाली, अगदी हळू, “ह्या वेळी नको. आई असतानाही तू मला असंच सांगितलंस. मला काही वाचून दाखवू नकोस, मी विचारत नाही. मी राहणार आहे.”

खरं आहे गं, ती म्हणाली. देवाशपथ खरं आहे. पण शपथ घातल्यावर ते तिच्याच कानांना खोटं वाटलं. शांतीदूताला फोन लावून देते, असंही ती म्हणाली, आणि धाकटीनं मान हलवली, लहान मुलाच्या हट्टाला हलवतात तशी. त्यालाही तूच पढवलं असशील, एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तिला ते इतक्या जवळून दिसलं. आलेखापेक्षा ते वाचायला सोपं होतं, आणि त्यात काय लिहिलंय ते पुसायला तिच्याकडे काहीही नव्हतं. पटेल हळूहळू. महिना जाईल, सहा महिने जातील, आपण टुणटुणीत फिरत राहू, आणि एके दिवशी धाकटीला पटेल, आणि ती बॅग भरेल.

रिक्षा करू या, धाकटी म्हणाली. घर दोन वळणांवर आहे, चालत जाऊ, ती म्हणाली. धाकटीनं वाद घातला नाही. एका खांद्याला पर्स, एका हातात ती बॅग, आणि दुसऱ्या हातानं तिचं कोपर धरून ती रस्त्याच्या बाजूनं चालायला लागली, गाड्यांच्या आणि तिच्या मधे. पकड घट्ट होती, जरा दुखतच होती. फुटपाथची फरशी एके ठिकाणी उखडली होती, तिथे धाकटी थांबली, जप, म्हणाली. रोज ह्या फरशीवरून ती न बघता जायची. आज ती खाली बघून, सावकाश उतरली. पुढचा रस्ता सरळ आणि सपाट होता, तिथे भरभर चालायला हरकत नव्हती. पण कोपरावरचा तो हात ज्या चालीनं चालला होता ती कुणा आजारी माणसाची चाल होती, आणि तिनं आपलं पाऊल आखूड करून त्या चालीशी जुळवून घेतलं.